वीस वर्षांची हमी

"वीस वर्षं! वीस वर्षांचं मी काय लोणचं घालू?"

कुरकुर स्वयंपाकघरातल्या जमिनीतून आली. ऊब वर यायला जमिनीत जी लोखंडी जाळी होती, तिच्यातून तळघरातलं बोलणंही वर येई. वाल्दी खाली घर गरम ठेवणाऱ्या जुन्या भट्टीसमोर विक्रेत्याचं माहितीपत्रक घेऊन उभा होता. वर त्याची बायको थोरा केकचे पोळीसारखे थर लाटत होती.

"मला आपली साधी भट्टी पुरे," वाल्दी जुन्या भट्टीलाच सांगत होता. "दिवस काढायचेत ते निघतील तिच्यावर."

थोराचं लाटणं थांबलं.

गेल्या मंगळवारी वाल्दी एकटाच विनिपेग शहरात डॉक्टरकडे जाऊन आला होता. "काय म्हणाले?" असं तिनं विचारलं, तर "झालं," म्हणाला आणि कोट काढून ठेवला. आता या माणसानं पन्नास वर्षं गोठलेल्या तळ्याच्या बर्फाखाली मासे धरायची जाळी टाकली होती. एकदा बर्फ फुटून छातीपर्यंत पाण्यात गेला, तेव्हाही घरी येऊन "जरा ओलं झालं" एवढंच बोलला होता. त्याचं "झालं" म्हणजे किती झालं असेल, याचा थोरानं मनाशी अंदाज बांधला.

तिनं विचारलं नाही. तळ्याकाठच्या त्या गावात अशा गोष्टी विचारायची पद्धत नव्हती. तिचे आजे-पणजे आइसलँडहून कॅनडात आले ते बोटीतून ट्रंका घेऊन आणि मनातलं मनात ठेवून, आणि ट्रंका तरी नंतर उघडल्या गेल्या.

फक्त शेजारच्या रूनाला तिनं फोन केला. "कुणाला बोलू नकोस हं. वाल्दीचं काही खरं नाही."

रूनानं शब्द पाळला. ती कुणाला एक अक्षर बोलली नाही. तिनं फक्त बटाटे, चीज आणि साय एका काचेच्या भांड्यात घालून भाजलं, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची पट्टी चिकटवली आणि भर दुपारी रस्ता ओलांडून ते थोराकडे नेलं. ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. भाजलेलं भांडं त्या गावात दोनच वेळा दुसऱ्याच्या दारात जाई. घरात मरण झालं की, किंवा होऊ घातलं की.

संध्याकाळपर्यंत चार भांडी आली. दुसऱ्या दिवशी सात झाली. आणणारी बाई दारात "सहजच केलं होतं, जास्त झालं" म्हणे, थोराचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवी आणि हवेबद्दल बोलून निघून जाई.

तिसरं भांडं वाल्दीनं स्वतः दारात घेतलं होतं. फॉइलवर हात ठेवून तो बराच वेळ ओसरीत उभा राहिला. त्याला स्वतःला तर काही झालेलं नव्हतं. घरात माणसं दोन. हिशेब सोपा होता.

त्या रात्री जेवण झाल्यावर वाल्दीनं भांडी घासली.

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. थोरा दाराच्या चौकटीला धरून बघत राहिली. 'जाताना ऋण फेडून चाललाय बिचारा,' तिच्या मनात आलं. डोळे पुसून ती म्हणाली, "पाइप ओढ की इथंच. बाहेर कशाला जातोस थंडीत?"

तिनं घरात तंबाखू कधी चालू दिली नव्हती. 'पडद्यांचीसुद्धा फिकीर राहिली नाही हिला,' वाल्दीच्या मनात आलं आणि त्याच्या हातातली बशी सुटली.

"असू दे," थोरा म्हणाली. ती बशी तिच्या आईची होती. "असू दे" ऐकून वाल्दी खुर्चीतच बसला.

भांड्यांची बातमी विनिपेगपर्यंत पोचली आणि शनिवारी मुलगी तिथून दीड तास गाडी हाकत आली. "सहज आले," डीसा म्हणाली. तिचे डोळे लाल होते आणि दोन पायांत दोन वेगळे मोजे होते. आईबाप दोघंही तिला इतक्या प्रेमानं "बस, बस" म्हणाले की ती बसल्या बसल्या रडायला लागली आणि सर्दी झाली म्हणाली.

अशा घरात भट्टीवाला ओरेस्ट आपली बॅग घेऊन आला. त्याला कॉफी मिळाली, केकचे दोन तुकडे मिळाले. टेबलावर कागद ठेवायला मात्र जागा मिळेना, म्हणून त्यानं ते मांडीवर घेतले.

"तर ही साधी," तो म्हणाला. "शंभरातली वीस ऊब धुराड्यातून वर जाते, कावळे शेकत बसतात. आणि ही काटकसरी. शंभरातली शहाण्णव घरातच ठेवते. धूर इतका गार होतो की प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडायचा. महाग आहे, पण बारा वर्षांत पैसे वसूल. वीस वर्षांची हमी. बारा वर्षांनंतर तुमची नुसती मज्जा!"

डीसानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

"महागडीच द्या," वाल्दी एकदम म्हणाला. "थोराला थंडी वाजता कामा नये."

"मुळीच नको," थोरा म्हणाली. "साधी द्या. याला साधी हवी होती, साधीच आणू."

"मला कुठं हवी होती?"

"मी ऐकलंय जाळीतून! आता मन मोडू नये माणसाचं."

"आई, बाबांना हवी ती घेऊ दे गं," डीसा हुंदक्यातून म्हणाली.

ओरेस्टनं आजवर नवरा-बायकोची भांडणं खूप पाहिली होती, पण एकमेकांची बाजू घेऊन भांडणारी ही पहिलीच. त्यानं कप ठेवायला जागा शोधली आणि मग टेबल अडवून बसलेल्या भांड्यांकडे त्याचं नीट लक्ष गेलं. फॉइल लावलेली सात भांडी. तोही त्याच मुलखातला होता. त्यानं हळूच टोपी काढली.

"माफ करा हं. पण... कोण आजारी आहे?"

"हा," थोरा म्हणाली.

"ही," वाल्दी म्हणाला.

तळघरात भट्टी खडखडली आणि बंद पडली.

"मी?" दोघंही एकदम म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" वाल्दी म्हणाला. "डॉक्टरनं कानातला मळ काढला फक्त. बोराएवढा निघाला! घरी आलो तर ही भट्टी केवढी खडखडते ते ऐकू आलं. तू आठ वर्षं सांगत होतीस म्हणे."

"मग 'झालं' काय म्हणालास? मळ म्हणायला जीभ झडली होती?"

"मळाचं काय सांगायचं बायकोला!"

"आणि वीस वर्षं नकोत ते का?"

वाल्दीनं माहितीपत्रकाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी एकोणऐंशीचा आहे, थोरा."

"काहीतरीच काय बाबा! शंभरी गाठाल तुम्ही," डीसा घाईघाईनं म्हणाली. "शंभर कशाला, एकशेपाच!" ओरेस्टनं हमीपत्राला साजेसा आकडा दिला.

"काही गाठत नाही," थोरा म्हणाली. तिनं वाल्दीचा हात धरला, तो भांडी घासून साबणानं खरखरीत झाला होता. "तू माझ्या आधी जाणार, वाल्दी. मी आठ वर्षांनी लहान आहे आणि माझी आई सत्त्याण्णवाची होऊन गेली. तू गेल्यावर माझे गार पाय मी कुणाच्या पोटऱ्यांना लावू? ओरेस्ट, ती महागडी लिहा."