चिमटा लावून नेलेलं विमान

जगातल्या बहुतेक चोऱ्या दुर्लक्षामुळे होतात, असं मानलं जातं. बेशिस्त लोकांच्या बाबतीत ते खरं असेलही. आमच्या मंडळात दीड महिन्यापूर्वी जी चोरी झाली ती मात्र संपूर्ण लक्षपूर्वक झाली, आणि ते लक्ष माझं होतं.

मंडळ म्हणजे हौशी विमान मंडळ. दर रविवारी सकाळी सात-आठ प्रौढ पुरुष गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जमतात आणि हात-दोन हात लांबीची विमानं रिमोटने आकाशात उडवतात. (त्यांच्यापैकी एकाशी माझं लग्न झालेलं आहे.) मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघावं लागतं, त्यामुळे रविवारी मान वर करून बघायला त्यांना बरं वाटतं. मंडळाच्या मालकीची एक पत्र्याची शेड आहे, एक लांब टेबल, एक पाण्याचं पिंप, एक नोंदवही आणि सत्तावीस नियम आहेत. त्यातले पहिले चार मंडळाचे. उरलेले तेवीस माझे.

मी उगाच नियम करत सुटणारी बाई नाही. दोन वर्षांपूर्वी एका सभासदाचं विमान आमच्या टिकलीच्या पाण्याच्या बाटलीपासून चाळीस पावलांवर येऊन आदळलं. टिकली ही आमची मुलगी. तेव्हा साडेतीन वर्षांची होती. चाळीस पावलं म्हणजे पुरुषांना लांब वाटतं. मी घरी येऊन मोजून पाहिलं. आमच्या स्वयंपाकघरातून निघून, जिना उतरून, फाटकाशी चाळीस पावलं संपतात. म्हणजे हिशेब सरळ आहे, विमान आमच्या फाटकात पडलं होतं. पुढच्याच सभेत मी सुरक्षा प्रमुख झाले. निवड बिनविरोध झाली. (ठराव मांडला तेव्हा सगळे वर बघत होते.)

माझ्या नियमांपैकी काहींची ओळख इथे करून देणं आवश्यक आहे. विमान हवेत असेपर्यंत सर्व उपस्थितांनी पांढऱ्या रेषेवर, आकाशाकडे तोंड करून उभं राहावं. हा नियम नऊ. उडवणाऱ्याला हाक मारू नये, त्याच्या खांद्यावर हात ठेवू नये, हा दहा. खोके दोन्ही हातांनी उचलावेत, चौदा. बॅटऱ्या जाळ न लागणाऱ्या पिशवीतूनच न्याव्यात, सतरा. गाड्या तोंड बाहेर करून लावाव्यात, म्हणजे आणीबाणीत पटकन निघता येतं, एकोणीस. आणि मोठी माणसं कार्यपद्धती पार पाडत असताना लहान मुलांनी मध्ये बोलू नये, बावीस. बाविसावा नियम केला तेव्हा मंडळात लहान मुलं एकूण एक होती.

पण मंडळाचा खरा प्राण म्हणजे चिमट्यांचा फळा. जुन्या काळी दोघांनी एकाच चॅनेलवर रिमोट चालू केले, की दोन्ही विमानं दोघांचंही ऐकायला जायची आणि कुणाचंच न ऐकता खाली यायची. (संसारी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.) म्हणून टेबलावरून सामान उचलण्याआधी फळ्यावर कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, अशी पद्धत पडली. सभासदांचे चिमटे निळे, वर नाव. पाहुण्यांचे पिवळे, एकूण चार. हल्लीचे रिमोट आपापला चॅनेल स्वतःच शोधतात, त्यामुळे चिमट्याची गरज उरलेली नाही. पण गरज आहे म्हणून पाळली जाते तिला शिस्त म्हणत नाहीत, सोय म्हणतात.

माझ्या नोंदीप्रमाणे गेल्या वर्षी सभासदांनी चिमटा न विसरता लावण्याचं प्रमाण शेकडा अडतीस होतं. त्यात माझ्या नवऱ्याचं शेकडा नऊ.

आता त्या रविवाराकडे येते.

त्या दिवशी टिकलीचं विमान पहिल्यांदा उडायचं होतं. चार महिने बापलेकींनी जेवणाच्या टेबलावर ते बनवलं होतं. लाल रंगाचं, पोटावर पिवळी पट्टी. पट्टी टिकलीने स्वतः ओढली असल्यामुळे ती वाकडी होती. वैमानिकाच्या जागी करंगळीएवढा प्लॅस्टिकचा हत्ती, रबर लावून पक्का बसवलेला. (रबर माझ्या सूचनेवरून.) रिमोट दोन, एकमेकांना वायरने जोडलेले. एक टिकलीच्या हातात, एक बाबाच्या. ती चुकली की बाबाने सावरून घ्यायचं. हे उड्डाण याआधी तीनदा पुढे ढकलावं लागलं होतं. एकदा वारा होता, एकदा ऊन, आणि एकदा टिकली शिंकली.

"आज तरी उडवायचं ना?" तिने गाडीत विचारलं होतं.

"बघू," मी म्हणाले होते. सुरक्षा प्रमुखाने यापेक्षा जास्त स्वतःला बांधून घेऊ नये.

पावणेदहा वाजता डॉक्टरांचं विमान हवेत होतं. सर्व सभासद पांढऱ्या रेषेवर नियम नऊप्रमाणे आकाशाकडे तोंड करून, म्हणजेच टेबलाकडे पाठ करून उभे होते. टेबलाकडे तोंड करून उभं राहणारी व्यक्ती अख्ख्या मैदानात एकच होती, ती मी. टिकली माझ्या शेजारी, टोपी घालून, मलम फासून.

तेवढ्यात शेडमागून एक गृहस्थ आले. टोपी, बरेच खिसे असलेलं राखाडी जाकीट. दुसऱ्या मंडळांचे लोक अधूनमधून येतातच. आले ते सरळ टेबलाशी गेले आणि माझ्या नवऱ्याचं मोठं खोकं उचलू लागले.

मी डोळ्यांत तेल घालून उभी होते. मी लगेच हटकलं.

"अहो, थांबा! काय चाललंय हे?"

गृहस्थ जागच्या जागी थिजले. खोकं त्यांनी खाली ठेवलं आणि ते शेडच्या कोपऱ्याकडे बघू लागले.

"चिमटा कुठेय?" मी म्हणाले.

"चि... मटा?"

"फळ्यावर चिमटा लावल्याशिवाय इथून काही उचलायचं नाही. पाहुणे ना तुम्ही? ते पिवळे तुमचे."

"अरे हो! सॉरी हं मॅडम," ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. शिस्त भेटली की सज्जन माणसाचं असंच होतं. त्यांनी पिवळा चिमटा घेतला, नीट सरळ लावला. मग मी नोंदवही पुढे केली. 'येण्याचं कारण' या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून 'आवड' असं लिहिलं. आमचे सभासद तो रकाना रिकामा सोडतात.

"आई," टिकली म्हणाली, "हे काका आपले नाहीत."

"बोट दाखवू नये कुणाकडे," मी म्हणाले.

गृहस्थांनी खोकं एका हाताने उचललं. मी नियम चौदा सांगितला. त्यांनी दुसरा हात लावला. बॅटऱ्या ते तशाच खिशात घालत होते. मी पिशवी दिली, शिवाय गाडीत त्या उन्हाच्या बाजूला ठेवू नका हेही सांगितलं. त्यांनी मान डोलावली. खोकं त्यांच्या गाडीकडे गेलं. बरेच जण विमानं गाडीपाशीच जोडतात, त्यात वावगं काही नाही. गाडीचं तोंड बाहेर होतं. मला भरून आलं.

अशा त्यांनी चार खेपा केल्या आणि पुढच्या तिन्ही वेळा न सांगता चिमटा लावला. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांचं सुटं सामान, तिसऱ्या खेपेला आणखी दोन खोकी, एकावर एक. चौथ्या खेपेला त्यांनी लाल विमान आणि वायरने जोडलेले दोन रिमोट उचलले.

"आई, ते माझं विमान नेतायत."

"मोठी माणसं काम करत असताना मध्ये बोलायचं नाही, काय ठरलंय आपलं?"

"पण आई..." तिने माझी बाही धरून ओढली.

"एक मिनिट, राणी." कारण गृहस्थ विमान पंखाला धरून उचलत होते, आणि पंखाला धरलं की सांधा ढिला होतो. "अहो, पोटाखाली हात घाला! हां, असं. आणि शेपूट दाराला लागू देऊ नका."

"फार काळजी घेता हो ताई तुम्ही," ते म्हणाले. दोन वर्षांत हे मला मैदानावर कुणी म्हटलं नव्हतं.

नियम एकोणीसमुळे ते पटकन निघू शकले.

डॉक्टरांचं विमान उतरलं, सभासद मागे वळले आणि टेबल पाहिलं. ते पुसल्यासारखं स्वच्छ होतं.

"अगं, तू लक्ष ठेवून होतीस ना?" नवऱ्याने विचारलं.

"होते की."

"मग?"

"मग काय? सगळं व्यवस्थित नेलं त्यांनी."

डॉक्टरांनी फळ्यावरचे चिमटे एकेक करून मोजले. "चिमटे लावलेत," ते शेवटी म्हणाले.

"चारही," मी म्हणाले. "सरळ."

"वहिनी, मग याला चोरी कसं म्हणायचं?"

हा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. नियम तीनप्रमाणे चिमटा न लावता नेलेली वस्तू 'अनधिकृत' ठरते. हा नियम माझा नाही, मंडळाचा आहे. चिमटा लावून नेलेली वस्तू 'उड्डाणात' असते आणि ती परत आल्यावर ज्याने चिमटा लावला त्यानेच तो काढायचा असतो. विशेष सभेत दोन तास चर्चा होऊन सदर सामान उड्डाणात असल्याचं नोंदवण्यात आलं. त्याला आता सहा आठवडे झाले. मंडळाच्या इतिहासातलं हे सर्वांत दीर्घ उड्डाण होय. पिवळे चिमटे अडकून पडल्यामुळे पाहुण्यांना प्रवेश बंद करावा लागला, त्यामुळे सुरक्षितताही वाढली.

पोलीस चौकीतही जाऊन आलो. हवालदारांनी वर्णन विचारलं. मी सविस्तर दिलं: नखं कापलेली, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, वजन उचलताना गुडघ्यातून वाकण्याची चांगली सवय.

"चेहरा कसा होता, बाई?"

चेहऱ्याबद्दल आमच्याकडे नियम नाही.

"गालावर तीळ होता," टिकली खुर्चीखालून म्हणाली. "आणि जाताना त्यांनी माझ्याकडे बघून असं केलं." तिने ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

हवालदारांनी लेखणी थांबवून माझ्याकडे पाहिलं. "पोरीने सांगितलं नाही का तुम्हाला तेव्हा?"

"सांगितलं," मी म्हणाले. "तीनदा."

ते हवालदारांनी लिहून घेतलं नाही. तसा रकाना नव्हता.

झाल्या प्रकारातून धडा घेतला नाही असं कुणी म्हणू नये. मी अठ्ठाविसावा नियम केला: लहान मुलांना काही तातडीचं सांगायचं असल्यास त्यांनी हात वर करावा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावं. सभेने तो टाळ्या वाजवून मंजूर केला. मंडळाच्या सगळ्या नियमांत हा सर्वांत चांगला पाळला जातो, प्रमाण शेकडा शंभर. टिकली आता मैदानावर, घरी, जेवताना, न बोलता हात वर करते आणि थांबते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, किती गुणी मुलगी आहे. नवरा म्हणाला, "अगं, हल्ली ही बोलतच नाही." पुरुषांना कशाचंच समाधान नसतं.

गेल्या शनिवारी दुपारी मी खिडकीशी बसून घडल्या प्रकाराचा हाच अहवाल लिहीत होते. टिकलीने हात वर केला.

"एक मिनिट, राणी," मी म्हणाले. मी तेव्हा नियम सतरापाशी होते.

तिचा हात वरच होता. दमला तसा तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. मी परिच्छेद पूर्ण केला, टोपण लावलं, वळले. "हं, बोल आता."

तिने हात खाली घेतला. "काही नाही. गेलं."

"काय गेलं?"

"माझं विमान. समोरच्या गच्चीवरून वर आलं होतं. लाल. पट्टी वाकडीच होती."

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले. (उंचीवरून वाकू नये, असा आमच्या घरात नियम आहे.) आकाश टेबलासारखंच स्वच्छ होतं.

"हत्ती होता का आत?"

"दिसला नाही. उंच होतं." मग हात वर न करता ती म्हणाली, "उडतं ते, आई. चांगलं उडतं."

अहवाल इथे संपतो. पहिलं उड्डाण यशस्वी झाल्याची नोंद मी वहीत केली आहे. साक्षीदार एक, वय साडेपाच.

आता तुम्हाला हसू येत असेल, आणि अशी कशी ही बाई, असंही वाटत असेल. वाटू द्या. पण हे वाचायला बसून तुम्हाला सात-आठ मिनिटं झाली. मघाशी कुणीतरी तुमच्याजवळ येऊन उभं राहिलं होतं, आणि तुम्ही मान वर न करता 'एक मिनिट' म्हणालात. ते अजून तिथेच आहे का, तेवढं बघून घ्या.