बोरखिंडीचा काटा विचारल्याशिवाय उचलत नाही

बोरखिंडीच्या अंगणवाडीतला वजनकाटा मुलांच्या सुरक्षेचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन सोमवारी दुपारच्या एसटीनं परत आला. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं. कुणाच्या मांडीवर बसून आला असता तर तेही लागलं नसतं, पण तो सीटवर बसला होता.

नियमच तसा निघाला होता. मुलांना जो कुणी उचलतो, भरवतो, शिकवतो, नुसतं बोट धरून नेतो, त्यानं प्रशिक्षण घ्यायचं आणि चांगल्या वागणुकीचा दाखला आणायचा. आता बोरखिंडीत सगळ्यात जास्त पोरं उचलतो कोण, तर काटा. महिन्याला बेचाळीस. म्हणून अंगणवाडीच्या सेविका छबूताई, त्यांच्याही आधी त्याचा नंबर लागला. दाखल्यावर पोलीस पाटलांनी लिहिलं होतं, "वागणूक चांगली. मागे पावशेर जास्त दाखवायचा, आता सुधारला आहे."

मदतनीस ठकूमावशीनं त्याला आढ्याला टांगलं, खाली कापडाची झोळी अडकवली आणि गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. त्यावर नाव होतं वजनकाटा आणि पद होतं वजनकाटा.

"दमला असशील. पाणी देऊ?" मावशीनं विचारलं.

"नको," काटा म्हणाला. "गंज चढतो."

मंगळवारी वजनाचा दिवस. निलम आपल्या तनूला घेऊन सगळ्यांच्या आधी येऊन बसली. तनू साडेतीन वर्षांची. तिच्या कार्डावर तीन पट्टे होते, हिरवा, पिवळा आणि लाल, आणि तनूचा ठिपका दिवाळीपासून पिवळ्यात बसून होता. शेवटचं वजन भरलं अकरा किलो आणि वर चार रेघा. त्यानंतरच्या महिन्यात पोरीला ताप होता, म्हणून वजनच झालं नाही. आणि सुपरवायझर मॅडमनी बजावून ठेवलं होतं, की लागोपाठ दोन महिने कार्ड कोरं राहिलं तर पोर चौदा दिवस तालुक्याच्या उपचार केंद्रात ठेवायचं. मॅडम गुरुवारी येणार होत्या.

निलमचा जीव टांगणीला लागला होता. तशी ती मुळातच काळजीवाली. पोर शिंकलं की हिचा घास अडकायचा. केंद्रात लेक एकटी पडेल, रडून रडून आहे तेवढंही वजन घालवेल, आणि गाव म्हणेल, आईच खाऊ घालत नसेल.

पहिला नंबर तनूचा आला. काट्यानं घसा साफ केला.

"तनूताई, तुम्हाला उचलू का?"

"नाही," तनू म्हणाली.

"बरं," काटा म्हणाला.

निलमला वाटलं, पुढे काहीतरी बोलेल. तो बोलला नाही.

"अहो, बरं काय बरं!" ती म्हणाली. "ती सगळ्यालाच नाही म्हणते. काल अंघोळीला नाही म्हणाली, परवा देवाला नाही म्हणाली."

"म्हणून तर विचारायचं, निलमताई. हो म्हणणाऱ्याला विचारणं सोपं असतं."

"छबूताई, तुम्ही तरी सांगा त्याला!"

छबूताईंनी हात वर केले. "मी काय सांगू गं? तो प्रशिक्षित आहे. माझं अजून व्हायचंय."

बाकीची पोरं हो म्हणाली आणि झोळीत बसून गेली. तेवढ्यात निलमनं कमरेच्या पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि झोळीच्या वर धरला. "ये गं माझी सोन्या. इथं बसली की लाडू."

"छबूताई, लिहून घ्या," काटा म्हणाला. "सकाळी अकरा वाजता आईनं आमिष दाखवलं. लाडू एक. शेंगदाण्याचा."

छबूताईंनी लिहिलं. निलम सातवी शिकलेली, तिला उलटीकडूनही वाचता यायचं. आपलं नाव वहीत चढलेलं तिनं वाचलं. तिनं लाडू घाईघाईनं पदराखाली लपवला.

"लाडू द्या की पोरीला," काटा म्हणाला. "खाण्याला मनाई नाही. अट घालायला आहे."

बुधवारी ती तनूला दारातच म्हणाली, "आज बसली नाहीस ना, तर पोलीस येऊन घेऊन जातील."

"लिहून घ्या," आतून आवाज आला. "भीती दाखवली. पोलिसांची."

"तुम्हाला तिथनं ऐकू कसं येतं?"

"कान उघडे ठेवायचं दुसऱ्या दिवशी शिकवलं."

"ऐका माझं," निलम म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "उद्या मॅडम येणार. पोर नेतील. तुमच्यापायी नेतील. एकदा उचललं तर काय तुमची सुई झिजणार आहे?"

काटा म्हणाला, "तुमची काळजी मला दिसते, निलमताई. पण आज मी नाहीला हो धरलं, तर उद्या दुसरा कुणी धरेल. तो काटा नसेल."

घरी जाताना निलम सगळ्या वाटेत त्याच्यावर चिडत गेली, आणि चिडता चिडता तिच्या लक्षात आलं, की तो म्हणतो ते तिला पटलंय. त्यानं ती आणखीनच चिडली.

गुरुवारी तिनं शेवटचा उपाय केला. दुपारी तनूचा डोळा लागला, तशी तिला अलगद खांद्यावर घेतली, पायांतल्या चपला हातात घेतल्या आणि अंगणवाडीत शिरली. छबूताई भिंतीला टेकून वही भरत होत्या. निलमनं ओठांवर बोट ठेवलं आणि पोर झोळीकडे नेलं. झोळी हळूच बाजूला सरकली. निलम पुढे गेली, झोळी आणखी सरकली.

"झोपेतला होकार चालत नाही," काटा कुजबुजला.

"तिनं नाही पण म्हटलं नाही!"

"हो पण म्हटलं नाही."

या कुजबुजीनं तनू जागी झाली. डोळे चोळत तिनं झोळीकडे पाहिलं आणि आईचा पदर घट्ट धरला.

"तनूताई," काटा म्हणाला, "उचलत नाही. फक्त एक विचारतो. नको का वाटतं?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. निलमनंही नाही. तनू आईच्या कडेवरून उतरली, काट्याखाली उभी राहिली आणि तोंडाशी हात नेऊन काहीतरी पुटपुटली. निलमला काही ऐकू आलं नाही.

"तनूताई, हे मला एकट्याजवळ ठेवता येणार नाही," काटा म्हणाला. "मुलांची गुपितं लपवायची नाहीत, असा नियम आहे. छबूताईंना सांगावं लागेल. आईलाही. सांगू का?"

तनूनं भिंतीवरच्या चित्रातल्या हत्तीकडे बराच वेळ पाहिलं. मग हो म्हणून मान हलवली.

"लिहून घ्या. मुलीच्याच शब्दांत. 'मी झोळीत बसले की आई रडते.'"

छबूताईंची पेन्सिल थांबली, मग चालली. निलमनं उलटीकडून वाचलं. मग वही फिरवून सुलटीकडून वाचलं. सारखंच होतं.

"मी कुठं रडते," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी येतं नुसतं."

"वाद घालायचा नसतो," काटा म्हणाला. "मुलानं सांगितलं ते मानायचं असतं. तनूताई, आता काय करूया?"

"आधी आई," तनू म्हणाली.

"माझं मेलं काय करायचं वजन?" निलम हसायला गेली. "आणि काटा पंचवीस किलोपर्यंतचा आहे."

"ते माझं मी बघतो," काटा म्हणाला. "निलमताई, तुम्हाला उचलू का?"

निलम उभी राहिली. शाळा सोडायची वेळ आली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. लग्नात विचारलं होतं, पण उत्तराला कुणी थांबलं नव्हतं. तनूच्या वेळी दवाखान्यात तर तिला धरलंच होतं. तिनं काट्याकडे पाहिलं. तो खरोखर वाट बघत होता.

"थांबा जरा," ती म्हणाली. फक्त करून बघायला.

तो थांबला. बाहेर ठकूमावशीनं पातेलं घासून उपडं घातलं, तरी तो थांबलेला होता.

"हां," निलम म्हणाली. "उचला."

ती पदर सावरून झोळीत बसली. पाय सुटले. सुई पंचवीसच्या पुढे गेली, एक फेरा पुरा करून पुन्हा निघाली आणि मध्येच थांबली. तनू खाली बोट वर करून उभी होती. "हलू नको!" ती म्हणाली, अगदी आईच्या आवाजात.

"किती?" छबूताईंनी विचारलं.

"आकडा त्यांचा आहे. त्यांना सांगतो," काटा म्हणाला आणि निलमच्या कानाशी बोलला.

निलम म्हणाली, "एक्केचाळीस."

"बाई गं," छबूताई म्हणाल्या. "ठकूमावशी, भांड्यात खिचडी उरली असली तर आण गं इकडं."

पण तनूला मोजता यायचं दहापर्यंत. तिनं टाळ्या पिटल्या. "एवढी आई! आता मी."

"तनूताई, उचलू का?"

"हो."

निलमनं पदराचा बोळा केला आणि मुठीत धरला. तनू झोळीत चढली. सुई निघाली, थरथरली, स्थिर झाली. निलमनं बघायचं नाही म्हणून ठरवलं होतं, तरी दिसलंच. अकरा आणि वर सात रेघा.

काट्यानं आकडा तनूच्या कानात सांगितला. छबूताई पेन्सिल सरसावून बसल्या.

"आई," तनूनं झोळीतूनच विचारलं, "सांगू का?"

"सांग," निलम म्हणाली. डोळे कोरडे होते. छबूताईंनी नंतर तशी नोंद केली.

"एक्केचाळीस," तनू म्हणाली.

छबूताईंनी काट्याकडे पाहिलं. काटा म्हणाला, "मुलीच्याच शब्दांत." छबूताईंनी लिहिलं. निलमला सात रेघा दिसल्या होत्या, पण आकडा तनूचा होता. तिनं तो दुरुस्त केला नाही.

कार्डावर एक्केचाळीसला जागा नव्हती. वरच्या बाजूला खळीनं कागद चिकटवावा लागला, तरी पुरेना, म्हणून दुसरा लावला. ठिपका हिरव्याच्या वर वीतभर गेला. चारला सुपरवायझर मॅडम आल्या. त्यांनी कार्ड उलगडून पाहिलं, मग टेबलावर पसरून पाहिलं.

"मुलीनं स्वतः सांगितलं?"

"हो मॅडम. दोन मोठी माणसं हजर होती," छबूताई म्हणाल्या.

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि सही केली. उपचार केंद्राच्या कागदावर तनूचं नाव चढलं नाही.

निलम कार्डाची गुंडाळी काखेत मारून निघाली. वाटेत ओढ्याचा उतार लागतो. तिथं ती रोज तनूला खसकन उचलून कडेवर घ्यायची. आज हात पुढे गेले आणि तिथंच थांबले.

"तने, उचलू का गं?"

"नाही," तनू म्हणाली.

"बरं," निलम म्हणाली.

घर चार मिनिटांवर होतं. त्यांना पाऊण तास लागला.