इंग्रजी कागदातली भेळ

मंचरच्या भेळवाल्याला "मला इंग्रजी कागदात दे रे!" असं सांगणारा माणूस एकच, आमचे भालेराव सर. भेळ ताटलीत ओतायची, कागद झटकायचा आणि आधी तो वाचून काढायचा. तोवर भेळेचा पार लगदा!

सर इंग्रजीचे रिटायर मास्तर. परदेशात म्हणे एक मोठा शब्दकोश चाललाय. कुठला इंग्रजी शब्द पहिल्यांदा कधी छापला गेला, ते त्यात देतात. जुनी वाक्यं हुडकून पाठवायची तुमच्याआमच्यासारख्यांनी, तीही फुकट. सरांचे ईमेल माझ्या मोबाईलच्या दुकानातून जातात, म्हणून गिऱ्हाईक सोडून मीही या भानगडीत.

कोशवाल्यांना 'टाइमपास' शब्दाचं जुनं वाक्य हवं होतं. मागच्या महिन्यात सर पळतच दुकानात शिरले. "भाऊ, घावलं! लई जुनं हाय!" हातात घरच्या गठ्ठ्यातला, कुठल्याशा साप्ताहिकाचा पिवळा पडलेला कागद.

"तारीख?" मी विचारलं. तारखेशिवाय ते वाक्य घेतच नाहीत.

तारीख नव्हती! खाली साप्ताहिकाचं नाव शाबूत, पण वरची कड साफ कापलेली. हे काम काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं. किराण्याचे इंग्रजी कागद त्या सरांसाठी जपायच्या, हातानं सारखे करायच्या, फाटक्या कडा कात्रीनं कापायच्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण कागद कसा नीट दिसला पाहिजे! सर ओरडायचे, त्या कापायच्या. गेल्या वर्षी काकू वारल्या.

"काकूंनी घोटाळा केला की राव!"

"तिला काय बोलायचं नाय!" सर असे कडाडले की समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सर पुण्याला. लायब्ररीतले जुने गठ्ठे उपसून संध्याकाळी त्याच पानाचा फोटो घेऊन हजर, तारखेसकट! मी लगेच पाठवला. मग रोज "आला का मेल?" म्हणून माझं डोकं खाल्लं. आणि काल आला. घेतलं की वाक्य! आमच्या मंचरहून गेलेलं वाक्य थेट कोशात! मी दुकानातच आरोळी ठोकली आणि भेळ मागवली.

"आता तो कापलेला कागद द्या रद्दीत," मी म्हणालो.

सरांनी तो जपून खिशात घातला. "कात्री हाय का रे?"

भेळ ताटलीत ओतून त्यांनी पुडीचा कागद मांडीवर सारखा केला आणि न वाचताच कड कापायला घेतली. कड वाकडी गेली.

"तिच्यासारखं नाय जमत, राव," सर म्हणाले.