दुलई पांघरलेला जनरेटर

काकू छापखान्यातून निवृत्त झाल्या आणि त्याच आठवड्यात त्यांची झोप उडाली, ती काही परत यायचं नाव घेईना. रात्रभर डोळे टक्क उघडे. दिवसा पेंग यायची, पण पाठ टेकली की तीही पसार. दूध उतू जायचं, चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. एकदा तर भाजी चिरता चिरता त्या रडायलाच लागल्या. "अहो, झोप म्हणजे काय असते तेच मी विसरलेय," त्या म्हणाल्या आणि सूरकाकांनी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली.

सूरकाका म्हणजे काकूंचे यजमान. वाद्यं जुळवून देण्यात हयात गेलेली. कान असा तिखट की शेजारचं दार करकरलं तर कुठल्या पट्टीत करकरलं तेही सांगतील. आवाजाचा त्यांना भारी जाच. त्यामुळे बायकोच्या दुखण्यावर त्यांनी औषध काढलं ते आपल्या दुखण्यावरचं, म्हणजे शांतता. एक कॅराव्हॅन भाड्यानं घेतली, काकूंना उशीसकट आत बसवलं आणि गाडी तलावाकाठच्या मुक्कामाच्या मैदानात नेऊन लावली.

तिथली शांतता मात्र खरोखर अस्सल होती. पाणी हलत नव्हतं. झाडं उभ्या उभ्या पेंगत होती. एक बगळा एका पायावर उभा होता, तो जागा आहे की झोपलाय हे त्यालाही ठाऊक नसावं. आकाश आणि तलाव यांच्यात नक्की सीमा कुठे, ते बघता बघता सूरकाकांचीच मान दोनदा छातीवर पडली. आत काकू छताकडे बघत पडल्या होत्या.

"किती शांत आहे, नाही?" सूरकाका खिडकीतून कुजबुजले.

"हो ना. कानात दडे बसल्यासारखं वाटतंय."

"मग मिट की डोळे!"

"मिटलेत. मीच उघडी आहे आत."

सूरकाकांना वाटलं, सुखसोयी कमी पडतायत. मैदानात प्रत्येक गाडीसाठी विजेचा खांब होता. त्याला गाडीची वायर जोडलेलीच होती. त्यांनी एसी लावला, अंघोळीसाठी गिझर लावला, वर चहासाठी विजेची किटली लावली. खांबावरचा खटका फाडकन पडला.

मैदानाची व्यवस्था बघणाऱ्या बाई धावत आल्या. त्यांना सगळे ताई म्हणत, आणि त्या सगळ्यांना मोठ्या बहिणीच्या हक्कानं झापत. "काका, घर आणलंत बरोबर, पण घरची वीज नाही आणलीत! खांबावरून तुमच्या गाडीला सोळा अँपियर मिळतात. त्यात हे तिन्ही एकदम नाही मावत. एका वेळी एक लावा."

त्यांनी खटका वर केला, आणि तेवढ्यात सगळ्या मैदानाचीच वीज गेली. पुढे कुठेतरी लाइनवर दुरुस्ती निघाली होती. गाडी तव्यासारखी तापायला लागली. काकूंचं कपाळ घामानं डबडबलं. ते बघून ताईंना दया आली आणि त्यांनी आपला छोटा जनरेटर ओढत आणला.

"नीट ऐका. हा गाडीपासून चांगला लांब ठेवायचा, धुराचं तोंड गाडीकडे नाही. खांबाला जोडायचा नाही, तिकडे लाइनवर माणसं काम करतायत, त्यांना झटका बसेल. आणि गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही, भडका उडेल. बंद करा, थंड होऊ द्या, मग ओता."

"हो हो," सूरकाका म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष त्या यंत्राच्या थोबाडाकडे होतं. ताईंनी दोरी ओढली. घर्रर्र!

सूरकाकांनी दोन्ही कान दाबले. "अरे देवा, या खरखरीत माझ्या बायकोला झोप लागायची कशी?" ताईंची पाठ वळताच त्यांनी गाडीतली दुलई आणली आणि जनरेटरला छान गुंडाळली, पायसुद्धा उघडे ठेवले नाहीत. आवाज दबला. आत एक पापणी जड झालेल्या काकू खडबडून उठल्या.

"काय झालं हो?"

"काही नाही, तू झोप!"

थोड्याच वेळात दुलई धुरकटली. ताई लांबून ओरडत आल्या. "अहो, त्याला काय थंडी वाजतेय? तापून पेट घेईल तो!" दुलई निघाली, जनरेटर पुन्हा गरजू लागला, काकू पुन्हा आडव्या झाल्या. सूरकाकांना काही राहवेना. गाडीच्या मागच्या अंगाला भिंत होती. तिथे आडोशाला यंत्र ठेवलं तर आवाज अडेल, असा त्यांनी हिशेब केला. ठेवलं. ते नेमकं काकूंच्या उशाकडच्या खिडकीखाली आलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गाडीत विषारी वायू शिरला की वाजणारा भोंगा होता, तो असा किंचाळला की तो बगळासुद्धा उडाला. ताईंनी धावत येऊन काकूंना हाताला धरून बाहेर काढलं, जनरेटर बंद केला, सगळी दारं-खिडक्या सताड उघडल्या.

"वास आला का तुम्हाला कसला?" त्यांनी काकांना विचारलं.

"न...नाही."

"तोच तर घात आहे. त्या धुरातल्या वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपतो तो कायमचा."

सूरकाका मटकन गवतावर बसले. हिला झोप द्यायला निघालो आणि काय करून बसलो असतो! त्यांना काकूंच्या तोंडाकडे बघवेना. काकूंनीच त्यांचा हात धरला. "भोंगा होता ना. आता घाबरू नका," त्या म्हणाल्या.

गाडीत चांगली हवा खेळल्यावर आणि भोंगा गप्प राहतोय अशी खात्री झाल्यावर सूरकाकांनी सगळं ताईंच्या सांगण्यावरहुकूम केलं. जनरेटर दूर मोकळ्यावर, तोंड तलावाकडे, जाड लांब वायर, आत फक्त एसी. स्वतः खुर्ची टाकून त्याच्या बाजूला पहारा देत बसले. कान किटले, पण हलले नाहीत. शिक्षा म्हणजे शिक्षा.

उन्हं उतरली, पाण्यावर धुकं तरंगू लागलं, वारा सुटला. ताई आल्या. "वीज आली, काका. बंद करा आता." सूरकाकांनी आनंदानं बटण दाबलं, वायर परत खांबाला जोडली आणि खिडकीतून डोकावले. काकू गाढ झोपल्या होत्या. तोंड उघडं, हात उशीखाली. सूरकाकांचे डोळे भरून आले. तेवढ्यात काकूंची भुवई हलली.

"मशीन का थांबलं?" त्या झोपेतच पुटपुटल्या. "कागद अडकला का?"

सूरकाकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नोकरीभर त्यांचं घर छापखान्याच्या मागच्याच खोल्यांत होतं. रात्रभर भिंतीपलीकडे छपाईचं यंत्र धडधडायचं. सूरकाका कानांत बोळे घालून तळमळायचे आणि काकू घोरायच्या. निवृत्तीनंतर आपल्याच हट्टानं त्यांनी गावातलं सगळ्यात शांत घर शोधलं होतं!

ते धावले, त्यांनी दोरी ओढली. घर्रर्र! काकू कूस बदलून पुन्हा घोरू लागल्या. त्या आवाजावर आता ना एसी चालला होता ना दिवा, फक्त काकूंची झोप चालली होती.

आणि पेट्रोल संपलं.

कॅन हातात होता, पण यंत्र तापलेलं होतं. दुपारचा मूर्खपणा पुन्हा करायची सूरकाकांची प्राज्ञा नव्हती. ते खिडकीशी धावले, तर काकूंची भुवई हलत होती. सूरकाकांनी क्षणभर डोळे मिटले, त्या खरखरीचा सूर मनात पकडला, खिडकीखाली उकिडवे बसले आणि घशातून काढला : "घर्रर्रर्र..."

भुवई थांबली.

बऱ्याच वेळानं ताई आल्या. "काका, शेजारच्या गाडीतून तक्रार आलीय. ते मशीन बंद करा बघू."

सूरकाकांनी आवाज न थांबवता जनरेटरकडे बोट दाखवलं. ताईंनी बंद यंत्राकडे पाहिलं, लाल झालेल्या काकांकडे पाहिलं, खिडकीतून काकूंकडे पाहिलं. मग यंत्राजवळ हात नेऊन बघितला.

"अजून गरम आहे," त्या कुजबुजल्या आणि फतकल मारून काकांशेजारी बसल्या. "तुम्ही दम खा. तोवर मी बघते. घर्रर्रर्र..."

ताई चांगल्या अर्ध्या सुरानं चढल्या होत्या. सूरकाकांनी आत डोकावलं. काकू घोरत होत्या. उभ्या जन्मात पहिल्यांदाच सूरकाकांनी बेसूर ऐकून घेतलं, आणि वर मान डोलावली.