शून्य भरणारे ढोणे सर

ढोणे सर माणूस भेटला की 'कसं काय' म्हणत नाहीत. ते विचारतात, "मागं काय काय चालू आहे?"

लॅपटॉप रखडत चालायला लागला की पडद्याच्या मागं काय काय चालू आहे ते आधी बघायचं, हा त्यांचा पहिला नियम. तोच ते माणसांनाही लावतात. लोहाऱ्यात एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हाच प्रश्न विचारला. पोरगं दचकून म्हणालं, "आता काही नाही सर, सगळं मिटलं." मग मुलीकडचे लोक काय मिटलं याच्या चौकशीला लागले आणि जेवणं गारढोण झाली. लग्न झालं शेवटी, पण त्याचं बोलावणं सरांना आलं नाही.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तहसील कचेरीच्या रस्त्याला. दुकानामागची खोली सरांनी भाड्यानं घेतलेली. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. बायको आमच्या गल्लीत येण्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही. खोलीत एक कॉट, एक ताट, एक खुर्ची आणि भिंतीला लावून रचलेले मेलेले लॅपटॉप. आलेल्या माणसानं उभंच राहायचं. मी एकदा जास्तीची खुर्ची देऊ केली, तर म्हणाले, "नको. खुर्ची असली की कुणीतरी बसतं."

लॅपटॉप कुठून कुठून येत. भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून, नोकरदारांच्या कपाटातून. सगळे जुने, एक-दोन जीबी मेमरीचे. नवीन सिस्टीम त्यांच्यात टाकली की बिचारे तिच्या ओझ्याखाली दबून जात. सर तसलं यंत्र मांडीवर घेऊन म्हणत, "ह्याला सूज आलीय." मग पेन ड्राइव्हवरून एक फुकट मिळणारी, अंगानं हलकी सिस्टीम त्यात घालत. आधी चालू व्हायला चहा होऊन जाई एवढा वेळ घेणारं यंत्र मग चष्मा पुसेपर्यंत तयार. असं उठवलेलं यंत्र ते शिकणाऱ्या पोरापोरींना देऊन टाकत, आणि कुणी आपलंच दुरुस्तीला आणलं तर त्याला परत. कोणी कौतुक केलं तर म्हणत, "त्याच्यात मी काय घातलं नाही. काढलं."

काढण्याचा मात्र त्यांना नाद होता. नुसतं पुसून त्यांचं समाधान होत नसे. डिस्कवर इकडून तिकडं शून्यंच शून्यं लिहून काढत, म्हणजे खाली जे काय होतं त्याचा मागमूस राहू नये. त्याला ते 'शून्य भरणं' म्हणायचे. त्यात दिवस जायचा, पण ते कंटाळत नसत. म्हणायचे, अर्धवट पुसलेला फळा मला आयुष्यात कधी बघवला नाही. दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'कामाचे आधी काढून घ्यावे. नंतर विचारू नये.' कोणाचं काय गेलं तर सर बोट फक्त पाटीकडं करत.

जळकोटचे दत्तू लोंढे आले ते बाजारच्या दिवशी. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप बगलेत. माझ्याच दुकानात त्यांनी सरांचा पत्ता विचारला. यंत्र सरांच्या हातात दिलं, "चालूच व्हईना बघा, तेवढं चालू करून द्या," म्हणाले, आणि जीप सुटायच्या घाईत निघून गेले. पाटीखालूनच गेले. लोंढ्यांना वाचता येत नाही, हे त्या वेळी सरांना माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

पुढच्या बाजारी ते परत आले तेव्हा यंत्र तयार होतं. माझ्या दुकानात गर्दी नव्हती, म्हणून सरांनी ते माझ्याच काउंटरवर उघडलं. बटण दाबलं, लगेच निळा पडदा उजळला. लोंढे वाकून बघत राहिले. कितीतरी दिवसांनी हसत असावेत असं त्यांचं तोंड झालं.

"आता पोरीचे फोटू दावा," ते म्हणाले.

सरांनी विचारलं, कोणते फोटो. लोंढ्यांनी सांगितलं ते सरळ सांगितलं. वर्षा, एकुलती एक पोर, सोलापूरला कॉलेजात होती. सुट्टीला येताना हायवेवर बसमधून उतरली, रस्ता ओलांडताना ट्रकनं उडवलं. मोबाईल तिच्याबरोबरच चुरा झाला. पण मोबाईलचे सगळे फोटो ती ह्याच्यात टाकून ठेवायची. घरात तिचा एकच फोटो, दहावीच्या फॉर्मचा, मोठा करून भिंतीला लावलेला. "त्यात ती रागावल्यावानी दिसती. तशी नव्हती ती," लोंढे म्हणाले.

सरांनी पाटीकडं बोट केलं नाही. 

"फोटो नाहीत," ते म्हणाले.

"न्हायत म्हंजे?"

"मी पुसले."

लोंढ्यांना वाटलं, पुसलं म्हणजे कापडानं पुसल्यासारखं काहीतरी असेल. मग परत कसं आणायचं, किती दिवस लागतील, असं त्यांनी नीट, शांतपणे विचारलं. सर म्हणाले, येत नाही परत. कुणालाच येत नाही. लोंढे ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पडदा मिटवला, यंत्र टॉवेलात गुंडाळलं, आधी होतं तसंच, नीट गाठ मारून, आणि पायऱ्या उतरून गेले.

मी सरांना म्हटलं, डिस्कच जळालेली होती असं सांगायचं होतं. त्यांना काय कळणार होतं. त्या संध्याकाळी सरांनी पाटी काढली. खोलीचं दार बरेच दिवस बंद राहिलं. आत पोरांचे लॅपटॉप पडून होते, पोरं येऊन परत जात होती.

मग ते एकटेच जळकोटला जाऊन आले. काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. लोंढ्यांनी तोंड फिरवलं. वर्षाची आई, पार्वतीबाई, चुलीपुढं बसली होती. ती न उठता म्हणाली, "माझी पोर एकदा ट्रकनं नेली, एकदा तुमी." सर उंबऱ्याबाहेरूनच परत आले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावात कुठंच बसत नव्हतं. ज्या माणसानं घरात दुसरी खुर्ची ठेवली नाही, तो जळकोटात कॉलेजचं नाव विचारून सोलापूरला गेला आणि वर्षाच्या त्या मुलींच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. एक म्हातारा येऊन मेलेल्या मुलीचे फोटो मागतो, म्हटल्यावर कोण देईल? वॉचमननं हाकललं. एका बाईंनी पोलिसांना बोलावीन म्हणून सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. त्यांचा धाकटा भाऊ सोलापुरातच राहतो, पण त्याच्याकडं न उतरता ते एसटी स्टँडवर झोपले. शेवटी कॉलेजमधल्या एका प्राध्यापिकेनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि वर्षाच्या वर्गातल्या मुलींना बोलावलं. मुलींनी आपापले मोबाईल चाळले. कोणी रडली. ज्यांच्याकडं होते त्यांनी दिले.

फार नव्हते. माझ्या काउंटरवर सरांनी ते मला दाखवले. सगळे दुसऱ्यांचे फोटो, त्यांत कडेला कुठंतरी वर्षा. एकात डोळे मिटलेले. एकात नुसती पाठ आणि पाठीवरची सॅक. एकात ती वडापाव खात होती आणि फोटो काढणाऱ्या मैत्रिणीवर हात उगारत होती. सर एकेक फोटो उघडत, बघत, बंद करत. "पोरगी मोकळी होती," एवढंच म्हणाले.

जळकोटला जाताना मला बरोबर चला म्हणाले. सरांनी असं कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दुकान बंद करून गेलो.

लोंढे दारात बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण हाकललंही नाही. सरांनी यंत्र मागितलं. पार्वतीबाईंनी ते कोनाड्यातून काढून दिलं, अजून त्याच टॉवेलात होतं. सर जमिनीवर मांडी घालून बसले, फोटो आत घातले आणि पडदा तिच्याकडं वळवला.

पाठमोऱ्या फोटोवर तिनं बोट टेकवलं आणि म्हणाली, ही सॅक आमी नळदुर्गाहून आणली होती. मग डोळे मिटलेला फोटो बघून म्हणाली, फोटू काढला की ही मिटायचीच, ल्हानपणापासनं. मी दाराकडं बघितलं. लोंढे पाठ करून बसले होते, पण मान अर्धी वळली होती. वडापावचा फोटो आला आणि सर पुढचा उघडायला गेले.

"थांबा," लोंढे म्हणाले. "ऱ्हाऊ द्या त्यो."

ते आत आले, बायकोच्या मागं उभे राहून बघत राहिले. मग माठातलं पाणी तांब्यात घेऊन सरांपुढं ठेवलं. क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तसं काही कोणी बोललं नाही, आणि पार्वतीबाई जे बोलली ते फोटोंकडं बघून, आम्ही निघेपर्यंत सरांशी एक शब्द बोलली नाही.

सरांनी पोरांचे लॅपटॉप पुन्हा हातात घेतलेत. शून्य भरणं बंद केलंय. आता एखादं यंत्र आलं की ते आधी हे कुणाचं होतं ते विचारतात, आणि आतलं सगळं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवतात, मालकानं नको म्हटलं तरी. दर रविवारी मात्र खोली बंद असते. सकाळच्या जीपनं ते जळकोटला जातात. मला सांगतात, यंत्र अपडेट करायचं असतं. मी एवढी वर्षं बघतोय, त्या सिस्टीमला दर आठवड्याला जाऊन बघण्यासारखं काही नसतं. परवा जळकोटचा एक माणूस झेरॉक्सला आला होता, तो म्हणाला, सर येतात, फोटो लावून देतात आणि भिंतीला टेकून बसतात. आता पार्वतीबाई बोलते, पोरीचं सांगते. सर ऐकतात. दुपारी भाकरी खाऊन निघतात.

मला वाईट वाटलं. गुडघे धरून जीपमध्ये चढतात ते. मी म्हटलं, "सर, पेन ड्राइव्ह द्या. मी सगळ्या फोटोंच्या रंगीत प्रिंट काढतो, मोठ्या. भिंतीला लावतील, केव्हाही बघतील. तुमची दर रविवारची दगदग वाचेल."

सर एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होते. वर न बघता म्हणाले, "काढू नका. कागद दिले की मग मी तिथं कशाला जाऊ?"