प्रभाकररावांचा एकरूप ओटा

प्रभाकररावांनी ओट्याचं माप द्यायला भूमिती वापरली, तिथंच घात झाला. देवास गेटजवळचा ग्रॅनाइटवाला साधं म्हणाला होता, "माटसाब, अख़बार काटके खाका दे दो."

"खाका कशाला? मी निर्देशक देतो," असं म्हणून निवृत्त गणित शिक्षकांनी कोपरा शून्य धरला आणि एल आकाराच्या ओट्याचे सगळे शिरोबिंदू लिहून दिले. लांब बाजू डावीकडे होती, म्हणजे तिकडचे आकडे उणे. पण कारागिराला उणे काय कळणार, म्हणून त्यांनी ती चिन्हं प्रेमाने गाळली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी ओटा आला. लांब बाजू उजवीकडे, जिथं त्यांच्या नानाखेड्याच्या फ्लॅटचं बाथरूम होतं. जुना ओटा फोडून झालेला. पुरण शिजवायला घरात वीतभर जागा नव्हती आणि त्यांच्या पत्नी कल्पनाताईंना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

"शक्यच नाही." प्रभाकररावांनी भिंतीवर खडूने अंतराचं सूत्र मांडलं. "बघ, बाजू न् बाजू जुळते. आकृत्या एकरूप आहेत. फक्त उलटवायचा."

"उलटवून पॉलिश खाली जाईल. खडबडीत बाजूवर पोळ्या लाटू का?"

"तो भूमितीचा प्रश्न नाही."

ग्रॅनाइटवाला फोनवर म्हणाला, "अब तो त्योहार के बाद ही होगा." कल्पनाताईंनी फोन ठेवला आणि त्या तडक समोरच्या फ्लॅटमधल्या अहल्यावहिनींकडे गेल्या. बिल्डरने समोरासमोरचे फ्लॅट आरशात पाहून बांधलेले, आणि वहिनींनीही ओटा फोडून ठेवलेला. त्यांचा कारागीर महिनाभर फिरकलाच नव्हता. चार माणसांनी दगड तिकडे नेला. तो केसभरही न घासता बसला.

"बघ, माझं माप बरोबरच होतं," प्रभाकरराव हर्षाने म्हणाले.

"अगदी बरोबर," असं म्हणत कल्पनाताईंनी शेगडी उचलली, पुरणयंत्र उचललं आणि शेवटी महालक्ष्म्यांचे मुखवटेसुद्धा उचलले. "दोन्ही घरं एकरूप आहेत ना? मग मी तिकडेच राहते. तुम्हाला काही फरक पडायला नको."

दार लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुरणाचा वास जिन्यात उतरला, तेव्हा भुकेने बेजार झालेले प्रभाकरराव रिकामं ताट घेऊन समोर गेले. त्यांच्या दाराची बेल उजवीकडे होती, समोरची डावीकडे. माटसाब बराच वेळ नुसती उजवीकडची भिंत दाबत उभे होते.