डाव्या पायाची चप्पल

दादा रहाटे गाडी चालवायला निघाले की डाव्या पायातली चप्पल काढून पडवीच्या पायरीवर ठेवतात. फक्त डावी. उजवी पायातच असते. त्यामुळे आमच्या आळीला घड्याळ लागत नाही. पायरीवर एकच चप्पल दिसली, की समजायचं आज रविवार आहे, सात वाजून गेलेत आणि दादा आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याला लागलेत. एकदा माझा मेहुणा रत्नागिरीला आला होता. त्याने ती एकटी चप्पल बघून मला हळूच विचारलं, "यांना एकच पाय का?"

पाय दोन आहेत. तक्रार डाव्याबद्दल आहे.

दादा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं. या बत्तीस वर्षांत त्यांच्या डाव्या पायाने घाटाघाटातून क्लच दाबला, आणि जुन्या एसटीचा क्लच म्हणजे मांडीचा पिट्टा पाडणारी वस्तू. आता निवृत्तीनंतर त्यांच्याकडे जी गाडी आहे तिला क्लचचा पेडलच नाही. पिवळीधमक, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवून बसलेली स्पोर्ट्स कार. गिअर आपले आपण पडतात. डाव्या पायाला काम नाही, पण डाव्या पायाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच रविवारी गाडी वेगात आल्यावर तो पाय सवयीने उठला आणि क्लच समजून रुंद ब्रेकवर एसटीच्या ताकदीने उतरला.

शेजारी मी होतो. पट्टा लावायचा राहिला होता. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. जडत्वाचा नियम वीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो, तो मला त्या दिवशी कपाळाने समजला. शाळेत मी न्हाणीघरात घसरलो असं सांगितलं.

तेव्हापासून दादांनी डाव्या पायाला रजा दिली आहे. चप्पल काढायची, पाय दुमडून उजव्या मांडीखाली घालायचा आणि देवळात कीर्तनाला बसल्यासारखं बसून स्पोर्ट्स कार हाकायची. अंगाने काटकुळे आहेत म्हणून जमतं. मी तसं बसून बघितलं, तर मला बाहेर काढायला माई आणि दादा दोघं लागले. माई म्हणजे दादांची बायको. ती त्या गाडीत कधी बसली नाही. एवढं खाली बसायचं तर घरात जमीन आहे, म्हणते.

दर रविवारी दादांबरोबर मी जातो, पण पाहुणा म्हणून नव्हे. मी कंडक्टर आहे. दादा बेल मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मी डॅशबोर्डवर नखाने दोनदा टकटक करायचं, मग गाडी हलते. एकदा टकटक केलं की थांबते. सुरुवातीला मला हे पोरकट वाटलं. मी बेल दिली नाही. दादा शांतपणे बसून राहिले. बारा मिनिटं. शेवटी मीच दोनदा वाजवली.

कंडक्टरची दुसरी कामगिरी फळ्यांची. दादांच्या अंगणातून रस्त्यावर यायला एक उघडं गटार ओलांडावं लागतं. माणूस ढांग टाकतो, स्कूटर उडी मारते, पण या गाडीचं पोट लागतं. म्हणून दादांनी फणसाच्या लाकडाच्या दोन जाड फळ्या करून घेतल्या आहेत. गाडी जाताना त्या टाकायच्या, गाडी गेली की लगेच उचलायच्या, पुसायच्या आणि पडवीत उभ्या करायच्या. परत येताना तोच सोहळा. मी एकदा म्हटलं, दादा, राहू देत की अर्धा तास, कोण नेतोय. तर म्हणाले की लाकूड ओलं राहिलं की कुजतं, आणि ज्याचं काम नाही त्याला रस्त्यात आडवं ठेवू नये. मी त्या आठवड्यात सुटी काढून घरी बसलो होतो, म्हणून ते वाक्य मला थोडं लागलं.

गाडी दादांची नव्हे. त्यांच्या मुलाची, महेशची. महेश जहाजावर इंजिनिअर आहे. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत आला तेव्हा पुण्याहून ही जुनी गाडी विकत घेऊन, कशेडी-परशुरामचे घाट उतरून अंगणात आणून उभी केली. पंधरा दिवसांत जहाजावर गेला आणि जाताना एक चिठ्ठी ठेवून गेला: आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा, नाहीतर बॅटरी बसेल आणि गिअरबॉक्सचं तेल खाली बसेल. त्यानंतर त्याच्या दोन सुट्ट्या झाल्या. दोन्ही मुंबईच्या फ्लॅटवर गेल्या. आम्ही विचारलं की दादा सांगत, त्याला कसलेसे कोर्स असतात.

गाडीचा गिअरबॉक्स हा दादांचा लाडका विषय. सलूनमध्ये, मच्छी मार्केटात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. आत म्हणे क्लच दोन असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा दुसऱ्या क्लचने चौथा आधीच धरून ठेवलेला असतो. वेळ आली की एक सोडतो, दुसरा पकडतो, मधे खंड नाही. हे सांगताना दादा दोन्ही तळहात पुढे करतात, एक वर, एक खाली, आणि शेवटी नेहमीचं वाक्य टाकतात.

"पुढचा दारात उभा असतो, मास्तर."

हे वाक्य आता सगळीकडे लागू आहे. अर्धा चहा संपला की माईला ऐकू जाईल असं म्हणतात, पुढचा दारात उभा असू दे. मार्केटात बांगड्यांचा भाव करताना कोळणीला म्हणाले. तिने मागे वळून बघितलं, कोण उभा आहे ते.

या सगळ्यात मला खटकायची ती एकच गोष्ट. गाडी सुरू केली की दादा अर्धा मिनिट काहीच करायचे नाहीत. हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या छोट्या पडद्यावर. पडद्यावर एक चक्र फिरायचं आणि अक्षरं यायची: महेशचा फोन शोधत आहे. मग थोड्या वेळाने: फोन सापडला नाही. ती अक्षरं गेली की दादा मान हलवायचे आणि माझ्याकडे बेल मागायचे. मी माझ्या ज्ञानानुसार समजलो की ते इंजिनाचं तेल चढायची वाट बघतात. पण ती अक्षरं दर वेळी बघून मला कसंसंच व्हायचं. यंत्रात बिघाड आहे आणि आपण नुसते बघत बसलोय, हे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही.

एका रविवारी दादा चष्मा विसरले म्हणून घरात गेले. मी गाडीत एकटा होतो. पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, यादी निघाली, तिच्यात एकच नाव होतं. ते मी काढून टाकलं. त्या जागी माझा फोन जोडला आणि एक छानसं नाट्यपद लावून ठेवलं. दादांना केवढा आनंद होईल, या कल्पनेने मी स्वतःवरच खूश होऊन बसलो.

दादा आले, पाय दुमडून बसले, गाडी सुरू केली. पद सुरू झालं. दादा पडद्याकडे बघत राहिले. अर्धा मिनिट गेलं, एक गेलं.

"महेशचा नाव खय गेला?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, की ती कटकट मी कायमची मिटवली. आता ती शोधाशोध नाही, आणि गाणी आहेत. दादांनी हात पुढे करून आवाज बंद केला. रागावले नाहीत. बेल पण मागितली नाही. मीच न मागता दोनदा वाजवली, तेव्हा गाडी निघाली.

एरवी दादा वाटेत गिअर पुकारतात. तिसरा लागला, चौथा दारात. त्या दिवशी काळबादेवी गाव गेलं, पुढची वळणं गेली, एक शब्द नाही. आरे-वारेच्या वरच्या चढावर पर्यटकांच्या गाड्या अडकल्या होत्या. खाली दोन्ही किनारे उघडे पडलेले, आणि फोटो काढायला लोक रस्त्यातच थांबलेले. आता चढावर या गाडीला ब्रेकवर धरायचं, ॲक्सिलरेटरवर तोलून ठेवायचं नाही, नाहीतर आतले क्लच तापतात, हे मला दादांनीच शंभर वेळा शिकवलेलं. आणि दादा तिला ॲक्सिलरेटरवर तोलून बसले होते, घाटात एसटी अर्ध्या क्लचवर धरावी तसे. नजर समुद्रावर. मी एकदा टकटक केलं. ऐकलंच नाही. जळकट वास आला, पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि गाडीने पुढे जायचं नाकारलं.

कशीबशी कडेला घेतली. थंड होईपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. दादांचा डावा पाय अनवाणी, डांबरावर. मी माझी चप्पल पुढे केली. त्यांनी पायाने बाजूला सारली.

"मास्तर, ती गाडी त्याला शोधायची," दादा म्हणाले. "दर रविवारी. मी नुसता बसायचो."

मग जे सांगितलं ते थोडक्यात असं. महेशने गाडी आणली त्या दिवशी अंगणात सगळी आळी जमली होती. महेशने चावी बापाच्या हातात दिली, पहिली फेरी तुम्ही मारा म्हणाला. दादांनी आत वाकून पेडल बघितले, दोनच. आणि सगळ्यांदेखत बोलले, ज्या गाडीला क्लच नाय तिचा ड्रायव्हर तो ड्रायव्हर नाय, पॅसेंजर. लोक हसले. मीही त्यात होतो, आणि मोठ्याने हसलो होतो. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की बापाच्या एसटीत पुढे बसून बेलची दोरी ओढणारा तो मुलगा. त्याने चावी परत घेतली आणि पडवीतल्या खिळ्याला अडकवली. नंतर फोन येत राहिले, पैसे येत राहिले, गाडीबद्दल मात्र एक अक्षर नाही. आणि तो आला नाही.

घरी आल्यावर मी महेशला मेसेज केला, माझा पराक्रम कबूल केला, आणि तुझा फोन इथून परत कसा जोडायचा ते विचारलं. दोन दिवसांनी जहाजावरून उत्तर आलं: इथून नाही जोडता येत, काका. फोन गाडीतच लागतो.

हे सांगायला मी नापास झालेल्या पोरासारखा दादांकडे गेलो. ते पडवीत बसले होते. त्यांनी मला ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"फोन गाडीतच लागतो," दादा म्हणाले. "म्हणजे फोनवाला पण लागणार."

मी म्हटलं, लागणार.

आतून माईचा भांड्यांचा आवाज थांबला. मग दादा मला म्हणाले, लिहा. मी लिहून घेतलं आणि सवयीने भाषा सुधारायला गेलो, तर म्हणाले, जसा बोललो तसाच जाऊ दे. तो मजकूर असा गेला:

"महेश, क्लच हाय. एक नाय, दोन हायत. दिसत नायत म्हणून मी तसा बोललो. गाडी चांगली हाय. बाबा."

पाठवल्यावर मला वाटलं होतं, दादा फोनकडे बघत बसतील. ते उठून विहिरीवर गेले, गाडी धुतली, चाकं पुसली. संध्याकाळ झाली. मी घरी जायला उठलो आणि फोन वाजला. महेशच होता. शब्द एकही नव्हता. घंटांची दोन छोटी चित्रं होती, शेजारी शेजारी.

मला काही उलगडलं नाही. काही चुकून दाबलं गेलं असेल म्हणून मी दादांना दाखवलं. दादांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"डबल बेल," ते म्हणाले. "सुटली."

माई दारात येऊन उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि परत आत गेली.

महेशचं जहाजावरचं काम संपायला अजून चार महिने होते. हे मी बोलून दाखवणार होतो, पण कंडक्टरने किती बोलावं याचा मला एव्हाना थोडा अंदाज आला आहे. दादांनी पडवीतून फळ्या काढल्या, गटारावर टाकल्या, एकेकीवर उभं राहून हलत नाहीत ना ते बघितलं.

मी उचलायला वाकलो, तर म्हणाले, राहू दे.